दारचा कुत्रा, घरचे लेकरू आणि जंत



या खेपेला एका भगिनीच्या पत्रापासून सुरुवात करतो. त्यांच्या थोरल्या मुलाने कुत्र्याचे दीड महिन्याचे पिल्लू घरी आणले. पिल्लू गुबगुबीत, पोट नगाऱ्यासारखे. सगळ्यांना वाटले, दूध चांगले अंगी लागते आहे. आठ दिवसांनी पिल्लाने ओसरीवर उलटी केली आणि तीत शेवयांसारखे पांढरे, वळवळणारे जंत पडले. घरात दोन वर्षांचे धाकटे लेकरू आहे. ते दिवसभर पिल्लाला कवटाळून बसते. सासूबाई म्हणतात, पिल्लू शिवारात सोडून या. ते ऐकून थोरला रुसला आहे, जेवायला बसत नाही. "आम्ही काय करावे?" असे त्या भगिनी विचारतात.

उत्तर आधी देतो, कारण सगळे घर खोळंबले आहे. पिल्लू सोडू नका. त्याला औषध द्या. मात्र सासूबाईंची भीती खोटी आहे असे समजू नका. कुत्र्याचा जंत कुत्र्याच्या पोटातच राहतो असे नाही. तो अंगणात येतो, आणि अंगणातून लेकराच्या हाताला लागतो. म्हणून कुत्र्याला दिलेले जंताचे औषध हे अर्धे औषध लेकरासाठीच दिलेले असते.

आपण बैलाला जंताचे औषध पाजतो, म्हशीला पाजतो. पावसाळ्याच्या तोंडावर शेळ्या-मेंढ्यांना न चुकता पाजतो. कुत्रा तेवढा राहून जातो. त्याचे दूध नाही, त्याला बाजारात मोल नाही. रानडुकरांमागे रात्रभर धावावे आणि सकाळी शिळी भाकरी खावी, एवढाच त्याचा हिशेब. पण गोठ्यातले जनावर दाव्याला बांधलेले असते आणि कुत्रा मात्र घरभर फिरतो. लेकरांच्या सर्वांत जवळ तोच असतो. हे ध्यानात घेऊन पुढचे वाचावे.

पिल्लाचे पोट का फुगते?

पिल्लाच्या उलटीत पडले ते गोल जंत. हे चार ते सात इंच लांब, पांढरट आणि दोन्ही टोकांना निमुळते असतात. पुष्कळांना वाटते की पिल्लू मातीत तोंड घालते म्हणून जंत होतात. ते खरे आहे, पण अपुरे आहे. कुत्रीच्या मांसात या जंतांची बारीक पिले निपचित पडून असतात. ती गाभण राहिली की शेवटच्या काही आठवड्यांत ती जागी होतात आणि नाळेतून पोटातल्या पिल्लांत जातात. काही पुढे दुधातूनही जातात. म्हणजे पिल्लू जन्माला येते तेच जंत घेऊन. तीन-चार आठवड्यांचे होते तोवर त्याच्या पोटातले जंत अंडी घालू लागलेले असतात. एक मादी दिवसाला लाखभर अंडी सहज घालते. ही अंडी डोळ्यांना दिसत नाहीत.

पोट फुगलेले, पाठीचा कणा हाताला लागणारा, केस राठ, कधी उलटी, कधी पातळ शी, ही जंतांची लक्षणे आहेत. त्याला बाळसे समजू नका. जंत फार झाले तर आतड्यात त्यांचा गोळा होऊन पिल्लू दगावते.

आता अंगणाचे पाहू. पिल्लाच्या विष्ठेतली अंडी पडल्याबरोबर लागत नाहीत. ऊब आणि ओल मिळाली की साधारण दोन आठवड्यांनी ती लागण्याजोगी होतात. मग ती मातीत महिनोन् महिने, सावलीच्या जागी वर्षानुवर्षे टिकतात. फिनेल शिंपडले तरी ती मरत नाहीत. शेणाने सारवले तर अंगण साजरे दिसते, पण अंडी तिथेच राहतात. रांगते लेकरू तोच हात तोंडात घालते. माणसाच्या पोटात या जंताचे मोठे जंत होत नाहीत. त्याची बारीक पिले मात्र अंगभर हिंडत राहतात. कधी काळजात जातात, कधी फुप्फुसात, आणि क्वचित डोळ्यात. डोळ्यात गेली तर त्या डोळ्याची दृष्टी जाऊ शकते. लेकराला माती खायची सवय असेल आणि ताप, खोकला, पोटदुखी हटत नसेल, किंवा एका डोळ्याने कमी दिसते अशी शंका आली, तर डॉक्टरांना दाखवावे आणि घरात कुत्र्याचे पिल्लू आहे हे आपण होऊन सांगावे.

शाळेत आणि अंगणवाडीत २०१५ पासून जंतनाशक दिनाला मुलांना गोळी देतात. ती जरूर घ्यावी. पण ती माणसाच्या आतड्यातल्या जंतांसाठी आहे. ती घेतली म्हणून कुत्र्याच्या जंतांची काळजी संपली असे समजू नये.

रक्त पिणारा जंत

दुसरा जंत अंकुशकृमी. हा जेमतेम अर्धा-पाऊण इंच असतो. आतड्याला दातांनी चिकटतो आणि रक्त पितो. पिल्लाचा ओठ वर करून हिरड्या पाहाव्यात. निरोगी पिल्लाच्या हिरड्या गुलाबी असतात. त्या पांढुरक्या दिसल्या आणि शी काळी, डांबरासारखी होत असली, तर त्याच दिवशी जनावरांचा दवाखाना गाठावा. लहान पिल्लू यात चार-दोन दिवसांत जाते.

या जंताची पिले ओल्या मातीत आठवडाभरात तयार होतात आणि थेट कातडीतून आत शिरतात. अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या पावलावर कधी कधी नागमोडी, लाल, खूप खाजणारी रेघ उमटते आणि रोज थोडी पुढे सरकते. ती बहुधा याच जातीच्या जंतांची करणी असते. त्यावर चुना किंवा बिब्बा लावून कातडी जाळून घेऊ नका. डॉक्टरांकडे औषध आहे आणि त्याने ती बरी होते. पावसाळ्यात गोठ्यात आणि मळ्यात जाताना पायांत काही तरी घालावे.

भाताच्या शितासारखे काय दिसते?

कुत्रा ढुंगण जमिनीला घासत चालतो. त्याच्या शेपटीखाली किंवा बसायच्या गोणपाटावर काकडीच्या बियांसारखे, वाळल्यावर तांदळासारखे दाणे दिसतात. हे पट्टकृमीचे तुकडे. हा जंत पिसवांतून येतो. पिसवेची अळी जंताची अंडी खाते, अळीची पिसू होते आणि कुत्रा अंग चावताना ती पिसू गिळतो. मांजरांतही हेच घडते.

यावरून एक गोष्ट पटावी. नुसती जंताची गोळी दिली आणि पिसवा तशाच ठेवल्या, तर दीड-दोन महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या पिसवा थोड्या. त्यांची अंडी, अळ्या आणि कोश बहुतेक गोणपाटात, भिंतीच्या फटीत आणि धुळीत असतात. म्हणून गोणपाट उकळत्या पाण्यात घालून कडक उन्हात वाळवावे. ते जमत नसेल तर जाळून नवे द्यावे. कुत्रा बसतो त्या जागेचा कोपरान् कोपरा झाडून केर जाळावा. असे महिनाभर दर आठवड्याला करावे.

जत्रेच्या दिवशी फेकलेला फुगा

आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो. ज्या घरात शेळ्या-मेंढ्या आहेत, किंवा ज्या गावात जत्रेला बोकड कापतात, त्यांनी हे घरातल्या सर्वांना वाचून दाखवावे.

बोकड किंवा मेंढी कापल्यावर कधी कधी काळजात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेला, पांढऱ्या जाड कातडीचा फुगा सापडतो. कधी बोरा एवढा, कधी लिंबा एवढा, कधी त्याहून मोठा. कापणारा तो भाग कापून बाजूला फेकतो. भोवती चार कुत्री बसलेलीच असतात. मी किती तरी जत्रांत हे पाहिले आहे. फेकणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. खराब भाग माणसाने खाऊ नये, मुक्या जनावराचे पोट भरावे, एवढाच विचार असतो.

त्या फुग्यात एका फार लहान पट्टकृमीची बाळे असतात. कुत्र्याने तो खाल्ला की सुमारे दीड महिन्यात त्याच्या आतड्यात हजारो जंत तयार होतात. एकेक जंत तीळ-दोन तिळांएवढा. कुत्रा खातो, खेळतो, राखण करतो. त्याला काहीच झालेले दिसत नाही. शेणात जंत दिसत नाहीत. पण विष्ठेतून अंडी पडू लागतात, आणि ही अंडी पडल्या क्षणापासून लागण्याजोगी असतात. ती गवतावर पडतात, शेळी-मेंढी चरते आणि तिच्या काळजात नवा फुगा धरतो. ती मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात पडतात. कुत्रा अंग चाटतो तेव्हा त्याच्या केसांना लागतात, आणि केसांवरून लेकराच्या हाताला.

माणसाच्या पोटात ते अंडे गेले की मेंढीच्या काळजात धरतो तसाच फुगा माणसाच्या काळजात किंवा फुप्फुसात धरतो. तो अगदी सावकाश वाढतो. पाच-दहा वर्षे माणसाला पत्ता नसतो. मग उजव्या कुशीत जडपणा, दुखणे, नाही तर खोकला सुरू होतो. सोनोग्राफीत किंवा एक्स-रेत तो दिसतो. काहींना लांब मुदतीच्या गोळ्या पुरतात, बऱ्याच जणांना शस्त्रक्रिया करावी लागते. पोटाला मार लागून फुगा आतच फुटला तर जीव धोक्यात येतो. दहा वर्षांपूर्वीच्या एका जत्रेची ही किंमत आहे, असे त्या घरात कुणाच्या ध्यानातही येत नाही.

अशाच आणखी एका पट्टकृमीचा फुगा मेंढीच्या मेंदूत होतो. मेंढी कळप सोडून एका जागी गोल गोल फिरू लागते, मान वाकडी धरते आणि शेवटी मरते. तिचे मुंडके कुत्र्यांपुढे टाकले की तेच चक्र पुन्हा सुरू होते.

या चक्रात एक कडी आपल्या हातात आहे. ती तोडली की सारे चक्र थांबते. कच्चे काळीज, फुप्फुस, आतडी, मुंडके कुत्र्याच्या तोंडी जाऊ द्यायचे नाही. चार फूट खोल खड्ड्यात पुरून वर दगड आणि काटे टाकावेत, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. नाही तर जाळून टाकावे. कुत्र्याला द्यायचेच असेल तर बारीक तुकडे करून पाऊण तास खळखळ उकळून द्यावे. मेलेली शेळी-मेंढी ओढ्यात किंवा बांधावर टाकू नये.

एवढ्याने काय होणार, असे कुणी म्हणेल. त्याला आइसलंडची हकीगत सांगावी. युरोपच्या उत्तरेला समुद्रातला हा देश मेंढपाळांचा. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी तिथे या फुग्याच्या रोगाने घरोघर माणसे आजारी असत. १८६३ साली डेन्मार्कचे हॅराल्ड क्राबे नावाचे शास्त्रज्ञ तिथे गेले. त्यांनी १०० कुत्री तपासली, तर २८ कुत्र्यांत हा जंत निघाला. त्यांनी सोप्या भाषेत एक छोटी पुस्तिका लिहिली आणि ती घरोघर फुकट वाटली गेली. कुत्र्याला कच्चा फुगा घालू नका, तो पुरा किंवा जाळा, हे त्या पुस्तिकेतले मुख्य सांगणे. तिथले शेतकरी हिवाळ्याच्या लांब रात्री घरात एकत्र बसून वाचत, तशी ती वाचली गेली. पुढे कायदेही झाले. कुत्र्यांसाठी आजच्यासारखी खात्रीची औषधे त्या काळी नव्हती. तरी हा रोग हळूहळू त्या देशातून नाहीसा झाला. शेतकऱ्यांच्या घरांनी एक सवय बदलली, त्याचे हे फळ आहे. आपल्याकडे तर आता औषधही आहे.

गोचीड, पिसवा आणि लूत

अंगावरच्या परजीवींत गोचीड सर्वांत वाईट. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड रक्त पिऊन फुगली की खाली पडते आणि भिंतीच्या फटीत जाऊन हजारो अंडी घालते. नुसते रक्त जाते असे नाही, गोचिडीतून तापही येतो. कुत्रा खाणे सोडतो, अंग तापते, हिरड्या पांढऱ्या पडतात. एका तापात नाकातून रक्त येते, दुसऱ्यात लघवी कॉफीसारखी तांबूस-काळी होते. यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय करत बसू नये. वेळेवर औषध मिळाले तर कुत्रा वाचतो.

गोचीड काढताना चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी आणि साबणाच्या पाण्यात टाकावी. बोटांनी चिरडू नये, कारण तिच्यातले रोगजंतू आपल्या हाताच्या जखमेतून शिरू शकतात. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि मानेखाली नीट पाहावे. गोठ्याच्या भिंतींच्या फटी लिंपून घ्याव्यात.

लूत ही बारीक किड्यांची करणी. कानाच्या कडा, कोपरे आणि पोट यांवरचे केस जातात, कातडी जाड आणि खवल्यांची होते. काही लूत माणसालाही खाजवते.

इथे हात जोडून एक विनंती आहे. लूत भरलेल्या कुत्र्यावर जळके ऑइल ओतू नका, रॉकेल चोळू नका. कातडी भाजते, कुत्रा ते चाटतो आणि विषबाधेने मरतो. पूर्वी बी.एच.सी. पावडर चोळत असत. तिच्यावर १९९७ पासून बंदी आहे. एखाद्या जुन्या डब्यात असेल तर वापरू नका. पिकावर फवारायचे कोणतेही औषध कुत्र्याला लावू नका. फिप्रोनिल हे नाव पिकाच्या बाटलीवरही असते आणि कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या थेंबांवरही असते. नाव एक असले तरी औषधाची ताकद आणि बनावट वेगळी असते. बैलासाठी आणलेले इंजेक्शन अंदाजाने कुत्र्याला टोचू नका. हल्ली गोचीड, पिसवा आणि लूत या तिन्हींवर चालणाऱ्या खायच्या गोळ्या मिळतात. त्या महाग आहेत, पण काही गोळ्या तीन-तीन महिने पुरतात. डॉक्टरांना विचारून आपल्याला परवडेल ते घ्यावे.

मनीमाऊचे काय?

कणगीची राखण करणारी मांजर घरात हवीच. तिलाही गोल जंत होतात. पिल्लांना ते आईच्या दुधातून मिळतात, म्हणून तीन आठवड्यांपासून औषध सुरू करावे. कुत्र्याचे गोचिडाचे औषध मात्र मांजराला कधीही लावू नका. त्यातले परमेथ्रिन मांजराला विषासारखे बाधते, ती थरथरत प्राण सोडते.

घरात गरोदर सून किंवा लेक असेल तर एवढे पाळावे. मांजराची विष्ठा तिने उचलू नये, दुसऱ्या कुणी रोजच्या रोज उचलावी. मांजरे माती उकरतात अशा वाफ्यात काम केल्यावर हात साबणाने धुवावेत. भाजी नीट धुवावी, मटण पुरते शिजवावे. मांजराच्या विष्ठेतून पसरणारा एक सूक्ष्म परजीवी पोटातल्या बाळाला अपाय करू शकतो. अंगावर हात फिरवल्याने सहसा काही होत नाही. तेव्हा मांजर घराबाहेर काढायचे कारण नाही.

वर्षाचे चार सण, चार गोळ्या

आता औषधाचा हिशेब. पिल्लू १५ दिवसांचे झाले की पहिले औषध. मग दर १५ दिवसांनी, तीन महिने पूर्ण होईपर्यंत. त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा. पिल्लांबरोबर त्यांच्या आईलाही द्यावे. गाभण कुत्रीला सगळीच औषधे चालत नाहीत, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नये.

मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी. तारीख लक्षात राहत नाही म्हणून सणांना बांधून घ्या. पाडवा, आषाढी एकादशी, दसरा आणि संक्रांत. बैलांचा पोळा आपण विसरत नाही, तसेच हे चार दिवस कुत्र्याचे. मेंढरांबरोबर फिरणाऱ्या कुत्र्यांना, आणि जिथे जत्रेत कच्चे मांस मिळते तिथल्या कुत्र्यांना, पट्टकृमीचे औषध दर दीड महिन्याला द्यावे.

औषध घेताना त्यात प्राझिक्वांटेल आहे ना, हे दुकानदाराला विचारावे. गोल जंतांच्या पुष्कळ औषधांनी तो तिळाएवढा पट्टकृमी मरत नाही. प्राझिक्वांटेलने मरतो. गोळी वजनावर ठरते. कुत्र्याचे वजन करणे अवघड नाही. आधी स्वतः काट्यावर उभे राहावे, मग कुत्र्याला घेऊन उभे राहावे आणि वजाबाकी करावी. लहान पिल्लू कापडी पिशवीत घालून ताणकाट्याला अडकवावे. गोळी गुळात किंवा भाकरीच्या गोळ्यात दडवून द्यावी. औषध दिल्यावर दोन दिवस कुत्र्याला बांधून ठेवावे आणि त्याची विष्ठा जाळावी किंवा खोल पुरावी, कारण जंत मेला तरी त्यातली अंडी जिवंत असतात.

बाकी दिवसांतही अंगणातली कुत्र्याची विष्ठा रोज सकाळी फावड्याने उचलून पुरावी. ती उकिरड्यावर टाकली तर खताबरोबर भाजीच्या वाफ्यात जाते. लेकरांची नखे कापावीत. कुत्र्याशी खेळून आल्यावर आणि जेवण्याआधी साबणाने हात धुवावेत.

आता पत्र लिहिणाऱ्या भगिनीला सांगायचे ते असे. बाई, सासूबाईंना म्हणावे, तुमची शंका रास्त होती. ती होती म्हणून वेळेवर कळले. थोरल्याला जेवायला बसवा. त्याला सांगा, पिल्लू राहील, पण त्याच्या गोळीचा दिवस लक्षात ठेवणे आणि रोज सकाळी फावडे घेऊन अंगण फिरणे हे काम तुझे. धाकट्याचे हात धुवायचे काम तुमचे. आणि येत्या जत्रेला बोकड कापताना फुगा निघाला, तर घरातल्या कर्त्या माणसाने खड्डा आधीच खणून ठेवलेला असावा.

तेवढे झाले, की पिल्लू आणि लेकरू दोघे एकाच ओसरीवर खुशाल मोठी होऊ द्या.